मापाची खुर्ची

"थर्मास आधी खाली ठेवा, वन्सं!"

आवाज तिचाच होता, पण तिचा तिलाच ओळखू आला नाही, इतका तो चढला होता. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी घाईघाईने चष्मा डोळ्यांवर चढवला, जणू ऐकायलाही चष्मा लागतो! वन्संच्या हातातला चमचा भावाच्या ओठांपासून चार बोटांवर थबकला आणि गाळलेल्या सुपाचा एक थेंब पांढऱ्या चादरीवर पडला.

"अगं बाई, सूप आहे हे! विष नाही!"

"ठाऊक आहे मला. पण ऑपरेशन झाल्यापासून त्यांची आतडी झोपलेली आहेत. डॉक्टर सांगेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही म्हणजे नाही. सिस्टर देतात तेवढे पाण्याचे घोट पुरे."

"झोपलेली आहेत म्हणे! आतडी काय वामकुक्षी घेतात होय?" वन्सं कडाडल्या. "जरा तोंड बघ माझ्या भावाचं! गालफडं बसली त्याची! आणि तू बायको म्हणवतेस? आज त्याची पहिली बायको असती ना, तर..."

पुढचं बोलायची गरज नव्हती. ते वाक्य त्या घरात गेली कितीतरी वर्षं अर्धंच बोललं जात होतं आणि उरलेलं अर्धं तिचं काळीज आपलं आपण पुरं करून घेत असे...

तिने वन्संच्या हातातून चमचा काढून घेतला, थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि तो नेऊन दाराबाहेरच्या बाकावर ठेवला. खाटेवरचा तिचा नवरा मात्र त्या थर्मासकडे बघतच राहिला. आयुष्यात ज्याने कुणाकडे काही मागितलं नाही, तो भला दांडगा माणूस आज दोन चमचे सुपासाठी डोळ्यांनी विनवत होता!

"अहो, थोडा धीर धरा... मग पोटभर घ्या," ती त्याच्या कपाळावर हात ठेवत म्हणाली.

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

घरात तिला 'नवी' म्हणत. हे बारसं वन्संनीच केलेलं. लग्न होऊन ती उंबऱ्यात उभी राहिली तेव्हा वन्सं कुणाला तरी म्हणाल्या होत्या, "ही बघा नवी," आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. आता केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, तरी ती आपली नवीच! तिला स्वतःला त्याचं हसू येई. ती मुळात सुखी जीव होती. सकाळचा गरम चहा, हाताला काम आणि संध्याकाळी नवऱ्याच्या दोन गमती, एवढ्यावर तिचा दिवस भरून जाई, आणि ज्या गोष्टीवर भरत नसे तिच्याविषयी ती बोलत नसे.

नवऱ्याला सगळा रस्ता 'खुर्चीवाले' म्हणून ओळखे. खाली कारखाना, वर घर. एकही खिळा न मारता तो खुर्ची उभी करायचा. लाकडाला खाच आणि चिकटवायला सरस, बस्स. तो सांगाडा करायचा आणि वेताची बैठक विणायची ती. लग्नाआधी ती त्याच्याकडे विणकामालाच यायची, तेव्हा तो आईवेगळ्या लहान मुलीला कारखान्यातल्या भुशात खेळायला सोडून रंधा मारत असायचा. त्या मुलीला तो चिमणी म्हणे. चिमणी आता चांगली थोराड झाली होती, तळहाताला घट्टे पडले होते, कारखाना एकहाती चालवत होती, पण नाव चिमणीच राहिलं. या घरात एकदा पडलेलं नाव पुसायची रीतच नव्हती.

दुसरी एक रीत मात्र होती आणि ती फार मोलाची होती. घरातल्या प्रत्येक माणसाची खुर्ची त्याच्या अंगाच्या मापाची. गुडघ्यापासून टाचेपर्यंत, कमरेपासून खांद्यापर्यंत... खुर्चीवाले स्वतः माप घ्यायचे. चिमणीची खुर्ची ती वाढेल तशी तीनदा बदलली. वन्सं पाहुण्या, पण त्यांचीही होती, चांगली ऐसपैस! पहिलीची खुर्ची टेबलापाशी रिकामी असे; चिमणी रोज ती मेणाने पुसून लख्ख ठेवी. त्या खुर्चीचा वेत मध्यंतरी सैल पडला तेव्हा नवीनेच तो उसवून पुन्हा विणून दिला होता, अगदी पहिल्यासारखा.

नवीला खुर्ची नव्हती. ती चुलीशेजारी स्क्रू मारलेल्या जुन्या लाकडी खोक्यावर बसून जेवायची. "मला इथंच बरं पडतं, वाढायला सोपं," असं म्हणायची. वन्सं नाक मुरडायच्या, "हिला घराची ओढच नाही. एक खुर्ची कधी मागून घेतली नाही!" आणि चिमणीलाही मनातून तेच वाटायचं. ती नवीशी कधी उद्धट बोलली नाही, पण कधी तिला कुठल्या नात्याने हाकही मारली नाही. काही सांगायचं असलं की दारात उभी राहून घसा खाकरायची. नवीने त्या खाकरण्यालाच हाक मानलं होतं.

मग खुर्चीवाल्यांची पाठ दुखू लागली. पाठीचा फोटो काढायला गेले आणि भलतंच निघालं.

"पोटातली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली आहे," डॉक्टर बाई नवी आणि चिमणीला समोर बसवून म्हणाल्या होत्या. "फुटली तर..."

चिमणीने तेवढंच ऐकलं. 'फुटली तर' या दोन शब्दांपाशी तिचे कान जे बंद झाले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत; ती नुसती मान हलवत राहिली आणि डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. नवीच्याही पायाखालची जमीन सरकली होती. पण पुढचं सगळं कुणीतरी ऐकायला हवं होतं, म्हणून तिने खुर्चीची कड घट्ट धरली आणि ऐकलं.

"फुगलेल्या जागी आम्ही कापडी नळी बसवू. ते काम आमचं. पण तिथूनच डाव्या बाजूच्या आतड्याला रक्त नेणारी एक बारीक वाहिनी निघते. जमलं तर ती नव्या नळीला जोडता येते, पण यांची जवळजवळ बंदच आहे, तेव्हा बांधून टाकावी लागेल. बहुतेकांचं आतडं दुसऱ्या वाटेने रक्त मिळवतं. क्वचित एखाद्याचं उपाशी राहतं. म्हणून नंतर डोळ्यांत तेल घालून बघायचं. फार लवकर शौचाला झाली, रक्त दिसलं, डाव्या बाजूला दुखलं, पोट फुगलं, तर त्याच क्षणी सांगायचं. लोक लाजतात हो! आणि लाजण्यात वेळ गेला की आतडं जातं, कधीकधी माणूसही."

"आणि एरवी?"

"एरवी आतडी झोपून जातात. त्यांना हळूहळू जागं करायचं. लवकर उठून बसवायचं, चालवायचं. च्युइंगम चघळायला द्यायचं, म्हणजे आतड्यांना वाटतं जेवण येतंय! पण खरं जेवण मात्र आम्ही सांगू तेव्हाच."

ऑपरेशन सुरळीत पार पडलं. खरी लढाई त्यानंतर सुरू झाली... आणि ती आजाराशी नव्हती, सरसाशी होती!

सिस्टर त्यांना उठवून बसवायला आल्या, तर खुर्चीवाल्यांनी खाटेची दांडी पकडली. "हात लावू नका! सरस वाळल्याशिवाय जोड हलवायचा नसतो!"

"कसला सरस, काका?"

"बाबा बरोबर बोलतायत," चिमणी पुढे झाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आत नवीन जोड दिलाय ना? ओला जोड हलवला की निसटतो. आम्ही खुर्ची जोडली की शिकंज्यात आवळून ठेवतो, कुणाला शिवूसुद्धा देत नाही. पडून राहू द्या त्यांना!"

साऱ्या जगात हा घोटाळा फक्त याच दोघांच्या डोक्यात शिरला असता. जन्मभर ज्यांनी लाकडं जोडली, त्यांना माणूसही तसाच जोडला जातो असं वाटलं तर नवल काय! सिस्टरांनी समजावलं, टाके आतून पक्के आहेत, हलून काही निसटत नाही, उलट पडून राहिलात तर पोट फुगेल, छातीत कफ भरेल. बापलेक ऐकेनात. शेवटी नवी बोलली.

"तुमचं सरसाचं खरं असेल. पण आतडं काही लाकूड नाही, ते माझ्या वेतासारखं आहे. वेत कोरडा पडला, नुसता पडून राहिला, की ताठतो आणि वाकवायला गेलं की तटकन तुटतो. त्याला ओलं ठेवायचं, हातात खेळवत राहायचं. चला, उठा."

"मी नाही उठणार!"

"मग मी वन्संना सांगते, भाऊ तुमचा घाबरला म्हणून."

तो उठला! रागाने उठला, पण उठला. पोटावर उशी दाबून धरून, एका बाजूने सिस्टर आणि दुसऱ्या बाजूने ती, असा तो खिडकीपर्यंत जाऊन आला. प्रत्येक पावलाला कण्हत होता, आणि प्रत्येक कण्हण्यागणिक चिमणी तिच्याकडे अशी बघत होती की नवीने मान खालीच ठेवली. परत खाटेवर टेकल्यावर त्याच्या तोंडात च्युइंगम दिलं. एवढा मानी माणूस, शाळेतल्या पोरासारखा गाल हलवत भिंतीकडे बघत बसला... एरवी ती पोट धरून हसली असती.

"तुमचं काळीज दगडाचं आहे," जाताना चिमणी हळूच म्हणाली.

नवीला वाटलं, दगडाचं असतं तर बरं झालं असतं, एवढं दुखलं नसतं. पण तिने चिमणीच्या हातात तिचा विसरलेला रुमाल दिला आणि म्हणाली, "घरी जाऊन जेव हं. भात झाकून ठेवलाय."

थर्मासचा प्रसंग त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. वन्सं फणफणत बाकावर जाऊन बसल्या होत्या. थोड्या वेळाने नवी औषधं आणायला खाली गेली. परत आली तेव्हा वन्सं निरोप घेऊन निघाल्या होत्या, चेहरा अगदी गरीब गाईसारखा. नवीला बरं वाटलं. चला, राग गेला म्हणायचा.

त्यानंतरच्या सकाळी ऊन खाटेच्या पायथ्याशी आलं होतं तेव्हा त्याने तिला खुणेने जवळ बोलावलं. त्याचे कान लाल झाले होते. हा माणूस घरीसुद्धा संडासात गेला की नळ सोडून ठेवी, बाहेर कुणाला काही ऐकू जाऊ नये म्हणून. एवढ्या वर्षांच्या संसारात पोटाबद्दल एक शब्द त्याने बायकोजवळ काढला नव्हता. तिने पडदा ओढला, भांडं दिलं, त्याला आधार दिला. जरा हायसंही वाटलं तिला. आतडी जागी झाली वाटतं!

मग तिने भांड्यात पाहिलं... पातळ होतं आणि त्यात गडद लाल रक्त होतं!

त्याने तिचं मनगट धरलं.

"कुणाला सांगू नकोस."

"अहो, रक्त आहे..."

"अक्काने काल सूप दिलं. तू खाली गेली होतीस तेव्हा. मीच मागितलं गं... राहवेना! त्यानेच झालं असणार. आता उगाच तिच्या नावाने बोंब नको. आणि ते लोक मला पुन्हा आत नेतील. मागून नळ्या घालतील, चार जण उभे राहून बघतील, माझी पोर बाहेर ऐकत बसेल... नको! त्यापेक्षा मेलेलं बरं. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. सांगितलंस तर माझ्याशी बोलू नकोस."

"डाव्या कुशीत दुखतंय का?"

त्याचा हात आपोआप डाव्या कुशीवर गेला होता.

पडद्याआड ती क्षणभर तशीच उभी राहिली. आजवर तिने त्याचा शब्द मोडला नव्हता. या घरात तिचं म्हणून काय होतं? पोर तिची नव्हती, टेबलाची जागा तिची नव्हती... एक या माणसाचा विश्वास तेवढा तिचा होता, आणि आज तोच पणाला लावायचा! हे नुसतं सुपाचं निघालं तर? तर वन्सं जन्मभर ऐकवतील, चिमणी तोंड बघणार नाही, आणि हा... हाही गेला! पण नसलं तर? डॉक्टर बाईंचे शब्द तिच्या कानांत घणासारखे वाजत होते. लाजण्यात वेळ गेला की आतडं जातं.

नवरा रागावून जगलेला तिला हवा होता. बायकोवर खूश होऊन मेलेला नको होता.

"घाला शपथ," ती म्हणाली. "मोडली मी."

तिने भांड्यावर झाकण ठेवलं आणि ते तसंच हातात धरून तरातरा सिस्टरांच्या टेबलापाशी गेली. "हे बघा. आणि त्यांच्या डाव्या बाजूला दुखतंय. डॉक्टरांना लगेच बोलवा!"

सिस्टरांनी एकदाच पाहिलं आणि फोन उचलला.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टर आल्या, पोट दाबून पाहिलं, रक्त तपासायला गेलं, आणि आतड्यात दुर्बीण घालून बघायचं ठरलं. खाट ढकलत नेत असतानाच चिमणी आणि वन्सं समोरून आल्या. खुर्चीवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुखण्याचं नव्हे, शरमेचं.

"हिने माझी शपथ मोडली गं, चिमणे! माझी अब्रू चव्हाट्यावर आणली!"

दार बंद झालं. वन्सं गोंधळून म्हणाल्या, "अगं, पण पोट साफ झालं हे चांगलंच नाही का?" चिमणी मात्र नवीसमोर येऊन उभी राहिली. ती आयुष्यात पहिल्यांदा तिच्या इतक्या जवळ उभी होती.

"आधी उपाशी ठेवलंत... मग ओल्या जखमेवर फरपटत चालवलंत... आणि आता त्यांची लाजही ठेवली नाहीत! त्यांना काही झालं तर तुमचं काय जाणार आहे हो? त्या घरात तुमची साधी खुर्चीसुद्धा नाही! कधी हवीच नव्हती तुम्हाला! खोक्यावर बसून राहिलात... पाहुण्यासारख्या, कधीही उठून जायला मोकळ्या!"

बोलता बोलता तिचा आवाज फुटला.

सांगता आलं असतं... एका वाक्यात सांगता आलं असतं नवीला! ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलंही. पण समोर बापासाठी थरथरणारी पोर होती, आणि अशा वेळी तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवायचं तिच्या जिवावर आलं.

"त्यांचे पाय गार पडतात," ती म्हणाली. "आत नेताना मोजे राहिलेत की काढलेत, तेवढं विचार गं कुणाला तरी."

चिमणी तिच्याकडे बघतच राहिली.

मग त्या तिघी बाकावर बसून राहिल्या, एका टोकाला नवी, दुसऱ्या टोकाला चिमणी आणि मधे वन्सं, मांडीवर थर्मास घेऊन. आज पुन्हा भरून आणला होता त्यांनी. दार उघडलं तेव्हा तिघी एकदम उठल्या आणि थर्मास खाली गडगडला.

"जे वाटलं होतं तेच आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या. "आतड्याच्या डाव्या भागाला रक्त कमी पडलंय. पण फक्त आतल्या अस्तराला धक्का बसलाय. भिंत जिवंत आहे. पोटाला पूर्ण विश्रांती, शिरेतून भरपूर पाणी आणि औषधं, रक्तदाब पडू द्यायचा नाही. पुन्हा दुर्बिणीने बघू. बहुतेक कापाकापी लागणार नाही."

"आणि... कळलं नसतं तर?" चिमणीने विचारलं.

"तर आतडं सडलं असतं. तुकडा काढून पोटावर पिशवी लावावी लागली असती. आणि घाण त्या नव्या नळीपर्यंत पोचली असती तर मग माझ्याही हातात फारसं काही राहिलं नसतं." त्या थांबल्या. "इतक्या वेळेवर सांगितलं कुणी?"

सिस्टरांनी नवीकडे बोट दाखवलं. नवी जमिनीवर गडगडलेला थर्मास उचलत होती.

"तोंडाने काही दिलं होतं का?"

कुणी काही बोलायच्या आत वन्सं हुंदका देऊन म्हणाल्या, "मी दिलं हो! चार चमचे... पाच असतील... सहाव्याला त्याने स्वतःच वाटी तोंडाला लावली! माझ्याच सुपाने मारत होते मी त्याला!"

"सुपाने झालं नाही हे, आजी," डॉक्टर बाई हसू दाबत म्हणाल्या. "हे रक्ताच्या वाटेचं दुखणं आहे. पण पुन्हा मात्र देऊ नका. आणि उद्या रक्तदाब ठीक असला की चालणं चालू ठेवायचं. ज्यांनी चालवलं त्यांनी बरोबर केलं."

डॉक्टर गेल्या. नवी पुन्हा बाकाच्या टोकाला जाऊन बसली. काही वेळाने तिच्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं. चिमणी होती. या वेळी तिने घसा खाकरला नाही.

खुर्चीवाले सावरत गेले. ताप आला नाही. डावी कूस मऊ पडली. पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा अस्तर गुलाबी दिसलं, असं डॉक्टर बाईंनी सांगितलं. तो मात्र शब्दाचा पक्का. बायकोशी बोलणं बंद! तिने उशी दिली की घ्यायचा, हात दिला की धरायचा, तिच्या खांद्याला धरून खिडकीपर्यंत जायचा, च्युइंगमसाठी तिच्यापुढे तळहात पसरायचा, पण तोंडातून ब्र नाही. ती आपली एकटीच बोलत राहायची. खिडकीबाहेरच्या झाडाविषयी, कारखान्यातल्या अर्धवट बैठकींविषयी, आजोबांच्या घोरण्याविषयी... तिला खरंच काही दुःख नव्हतं. माणूस रुसायला जिवंत आहे, आणखी काय हवं होतं!

एका दुपारी चिमणी येऊन बसलेली असताना सिस्टरांनी त्याच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि रोजचाच प्रश्न विचारला, "काका, वारा सरला का?"

खुर्चीवाल्यांचे कान लाल झाले. त्यांनी पोरीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग एखाद्या न्यायाधीशाने निकाल द्यावा तसं म्हणाले, "सरला."

"चांगला मोठ्याने सरला!" शेजारच्या आजोबांनी चष्मा चढवत साक्ष दिली.

आधी सिस्टर हसल्या, मग चिमणी, मग तो स्वतः पोटावर उशी दाबून "अगं आई गं" करत हसू लागला. नवी हसता हसता रडायला लागली. आतडी जागी झाली होती! या वेळी खरोखरची, शहाण्यासारखी, वेळेवर...

हसू ओसरल्यावर तो तिच्याकडे वळला.

"तू माझी शपथ मोडलीस."

"मोडली," ती डोळे पुसत म्हणाली.

"मग आता मी तुझी मोडतो."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. "अहो... नाही हं! काही गरज नाही त्याची!"

"आहे. त्या दिवशी मला त्या दारातून आत नेलं तेव्हा पोर काय बोलली ते ऐकलं मी. दार बंद होतं, कान नव्हते." त्याने चिमणीला जवळ बसवलं. "हिला खुर्ची का नाही, ठाऊक आहे तुला?"

"त्यांना नको होती."

"लग्नानंतर आठवडा झाला नसेल. मी टेप घेऊन हिचं माप घ्यायला बसलो. गुडघ्याला टेप लावला, वर बघतो तर ही दुसरीकडेच बघतेय. तू टेबलापाशी उभी होतीस. एवढीशी! तुझ्या आईच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी कवटाळून, जणू आम्ही ती ओढून नेणार होतो. हिने माझ्या हातातला टेप काढून घेतला. म्हणाली, आज माझी खुर्ची आली तर पोरीला वाटेल आईची जागा भरली. राहू दे. मला खोकं पुरे. आणि मला शपथ घातली, पोरीला हे कधी कळता कामा नये, नाहीतर तिला वाटेल आपल्यामुळे झालं."

चिमणीच्या नजरेसमोर काय काय येऊन गेलं कोण जाणे! मग एकाएकी तिने नवीच्या मांडीत तोंड खुपसलं आणि एवढी थोराड, घट्टे पडलेल्या हातांची मुलगी लहान पोरीसारखी हमसाहमशी रडू लागली.

"मी म्हटलं... पाहुण्यासारख्या..."

"अगं, वेडे! त्यात काय एवढं," नवी तिच्या केसांतला भुसा काढत म्हणाली. "आणि खोकं काही वाईट नव्हतं हं. फक्त कधीकधी एखादा स्क्रू टोचायचा."

घरी आल्यावर खुर्चीवाल्यांना थोडं थोडं, मऊ मऊ खायचं होतं, पाणी भरपूर प्यायचं होतं आणि रस्त्याच्या टोकापर्यंत फेऱ्या मारायच्या होत्या. वन्संच्या सुपाला आता डॉक्टरांची रीतसर परवानगी होती. त्या स्वतःच्या हाताने भरवत, आणि प्रत्येक चमच्याआधी नवीकडे बघून विचारत, "देऊ ना गं?"

पहिल्याच सकाळी नवी चहा घेऊन खोक्यापाशी आली तर खोकं जागेवर नव्हतं. चिमणी दारात उभी होती, हातात टेप.

"बस," ती म्हणाली आणि स्वतःची खुर्ची पुढे ओढली.

"कशाला? मला आपलं..."

"बस गं."

नवी बसली. कपातला चहा हिंदकळला, तो चिमणीने काढून बाजूला ठेवला. मग ती तिच्या पायाशी गुडघे टेकून बसली आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंत टेप लावला.

"गुडघे दुखतात ना तुझे? मग बैठक बोटभर उंच घेऊ. हातही ठेवू दोन्ही बाजूंना, उठायला बरे पडतील."

"बैठक मी आजच विणायला घेते. वेत आहे का बघायला हवा..."

"वेत मी काल भिजत घातलाय. आणि ही बैठक तू नाही विणायची. मी विणणार. कशी ते तेवढं सांग." टेपवरचा आकडा तिला नीट दिसेना, तिने बाहीने डोळे पुसले. "टेबलाला आईशेजारी जागा केलीय. मी माझी खुर्ची सरकवली."

नवीने टेबलाकडे पाहिलं. पहिलीची लख्ख पुसलेली खुर्ची होती, आणि तिच्याशेजारी एका खुर्चीपुरती मोकळी जमीन. इतकी वर्षं तिने त्या टेबलावर किती वाढलं होतं, पण तिथे जागा होईल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिच्या डोळ्यांना धार लागली आणि पोरीचे डोळे पुसायला तिचा हात पुढे झाला.

"आई, हलू नकोस ना," चिमणी म्हणाली. "माप चुकेल."

आतून च्युइंगम चघळत खुर्चीवाल्यांचा आवाज आला, "आणि सरस वाळेपर्यंत कुणी बसायचं नाही हं तिच्यावर!"

ती हलली नाही. हात मांडीवर ठेवून, डोळे तसेच वाहू देऊन, ती माप होईपर्यंत अगदी ताठ बसून राहिली.